लांग शिनिंगचा घोडा: युरोपी उठाव आणि चिनी रेघ एकाच रेशमावर

चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबारी चित्रांतले घोडे आणि शिकारी कुत्रे पाहिले की पहिला समज असा होतो, की चिनी देखाव्यात युरोपी पद्धतीने रंगवलेला प्राणी नेऊन उभा केला की काम झालं. तसं करून पाहा. प्राणी कात्रण चिकटवल्यासारखा दिसतो. त्याच्या अंगावर डावीकडून ऊन, शेजारच्या झाडावर ऊनच नाही, आणि भोवतीची रेघ सावलीत बुडून मळकट झालेली. ही मिसळ अर्धी-अर्धी नाहीच. हाडं आणि उठाव, म्हणजे अंग सपाट न दिसता गोलाईने भरीव दिसणं, युरोपचे. रेशीम, शाई, रंग, थरांची शिस्त आणि मुख्य म्हणजे प्रकाशाचा नियम, हे सगळं चीनचं. प्रकाशाचा प्रश्न सुटला की उरलेलं बरंचसं जुळत जातं, म्हणून खाली प्रत्येक टप्प्यात मी त्याच्याकडे परत येणार आहे.

हा प्रश्न ज्याने सोडवला तो जुझेप्पे कास्तिल्योने मूळचा मिलानचा, जन्म 1688. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघात बंधू म्हणून दाखल झालेला हा चित्रकार 1714 मध्ये लिस्बनहून निघाला आणि गोव्यामार्गे 1715 मध्ये मकावला उतरला. पुढे 1766 मध्ये मरेपर्यंत तो बीजिंगमध्ये राहिला. खांगशी, योंगचंग आणि छ्येनलोंग अशा तीन सम्राटांच्या पदरी त्याने काम केलं. चीनमध्ये त्याला लांग शिनिंग म्हणतात, आपणही तेच नाव वापरू. दरबारात तो एकटा परदेशी चित्रकार नव्हता. फ्रान्सचा अतिरे आणि बोहेमियाचा सिखेलबार्ट हेही होते, आणि दोघांनीही प्राणी रंगवले. पण पद्धत घडवली ती लांगने.

आपण एक उभा घोडा रंगवणार आहोत, साधारण 40 बाय 50 सेंटीमीटरच्या रेशमावर. घोडा कुमैत घ्या, म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट. पांढऱ्या घोड्यावर उठाव दाखवणं सगळ्यात अवघड, आणि काळ्या घोड्यात रेघ दिसतच नाही. अबलख घोड्याचा मोह टाळा. ठिपके रंगवण्याच्या नादात शरीर हरवतं.

आधी नीट पाहणं

लांगचा 1728 सालचा ‘शंभर घोडे’ हा पट, म्हणजे गुंडाळीचं लांब चित्र, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. उंची 94.5 सेंटीमीटर, लांबी पावणेआठ मीटरच्या आसपास. त्याचं कागदावरचं पूर्वचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठी छायाचित्रं मिळतात, ती शेजारी-शेजारी उघडा आणि तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, पोटाखालची कड. मिलानमध्ये शिकलेल्या माणसाने इथे गडद सावली टाकली असती, पण इथे अंग कडेकडे जाताना हलकंसं गहिरं होतं आणि रेघेपाशी थांबतं. दुसरं, खुरांखालची जमीन. पडछाया जवळपास नाहीच, खुरांच्या तळाशी एक पुसटसा अंधार तेवढा आहे. तिसरं, धावणारे घोडे. चारही पाय पसरून हवेत झेपावलेली ही धाव चिनी चित्रांत फार जुनी, युरोपात मात्र तेव्हा अशी रंगवत नसत. म्हणजे शरीर लांगने मोजून काढलं, पण त्याची हालचाल चीनकडून घेतली.

प्रकाश कुठून येतो, हे शोधायचा प्रयत्न करा. नेमकी दिशा सांगताच येत नाही. तो आपल्याकडून, म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूने येतो, थोडासा वरून. त्यामुळे अंगाचा जो भाग आपल्याजवळ तो उजळ, आणि जो वळून दूर जातो तो गडद. उठाव मिळतो, पण अर्धं अंग अंधारात जात नाही. दरबारात माणसांच्या चेहऱ्यावरची काळी सावली डागासारखी वाटे, म्हणून व्यक्तिचित्रांतही लांगने हीच युक्ती केली. गडदपणा कडेला गेल्यामुळे तो रेघेला धरून राहतो, आणि रेघ व उठाव एकमेकांना खात नाहीत. सगळं गुपित एवढ्यातच आहे.

रेशीम आणि त्याची तयारी

आपल्याकडे दुकानात ‘रॉ सिल्क’ म्हणून जे मिळतं ते जाड आणि गाठाळ असतं, ते नको. पातळ, सपाट विणीचं आणि पलीकडचं दिसेल इतकं पारदर्शक कापड हवं. शुद्ध रेशमी ऑर्गन्झा या कामाला चालतो, मात्र वीण जितकी दाट मिळेल तितकी घ्या. दोन धागे काढून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरडली गेली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, त्याच्यावर हे काम होणार नाही.

लाकडी चौकटीवर रेशीम मैद्याच्या खळीने चिकटवा. उभे-आडवे धागे चौकटीला समांतर राहिले पाहिजेत. धागे तिरके गेले तर घोड्याचे पाय नंतर तुमच्या देखत वाकडे होतात.

आता फटकडी आणि सरस. कोऱ्या रेशमावर शाई फुटते, म्हणून आधी त्याला या दोहोंचा हात द्यावा लागतो. जुन्या चिनी चित्रकलेच्या पुस्तिकांत उन्हाळ्यासाठी सरस सात भाग आणि फटकडी तीन भाग असं प्रमाण दिलं आहे. हिवाळ्यात सरस दहा भागांपर्यंत वाढवतात. आपल्या हवेला उन्हाळ्याचं प्रमाण बरं. एक लिटर पाण्याला 14 ग्रॅम सरस आणि 6 ग्रॅम फटकडी इथून सुरुवात करा. सुताराचा काळपट सरस नको, फिका आणि स्वच्छ घ्या. साधं खाण्याचं जिलेटीनही चालतं. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवा आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, उकळला की त्याची पकड जाते. फटकडी वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवून मग मिसळा आणि जुन्या सुती कपड्यातून गाळून घ्या.

रुंद मऊ ब्रशने एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा, मग तिसरा. वाळवणीचा कंटाळा करू नका. कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मण्यासारखा उभा राहिला तर रेशीम तयार, पसरला तर आणखी एक हात. पृष्ठभागावर बारीक चमचम दिसू लागली तर फटकडी जास्त झाली. फटकडी आम्लधर्मी असते आणि वर्षानुवर्षांत रेशमाला ठिसूळ करते, त्यामुळे ‘थोडी जास्त असू दे’ हा विचार इथे महागात पडतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत ही तयारी करायची असेल तर पंखा लावून दिवसभराची सवड काढा, किंवा सरळ दिवाळीनंतर करा.

रंग

शाई चिनी कांडीची, दगडावर उगाळून घेतलेली. बाटलीतली ड्रॉइंग इंक सुरुवातीला चालेल, पण तिच्या फिक्या छटा मातकट दिसतात. अंगासाठी गेरू. पांढऱ्यासाठी शिंपल्याची पूड. जुने चित्रकार शिशाचा पांढराही वापरत, पण तो विषारी असतो आणि कालांतराने काळा पडू शकतो. निळा आणि हिरवा जमिनीसाठी, चिनी परंपरेत ते अझुराइट आणि मॅलाकाइट या खनिजांपासून येतात. पिवळ्यासाठी गांबोज, म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाचा चीक. नात्याने जवळचा असला तरी हा चीक जहाल रेचक आहे, ब्रश ओठांत धरून टोक काढायची सवय असेल तर ती इथे सोडा. लाल रंगाचा हिंगूळही तसाच, त्यात पारा असतो.

हे सगळं जमवणं शक्य नसेल तर चांगल्या प्रतीचे ट्यूबमधले जलरंग घ्या. पद्धत शिकायला तेवढे पुरतात. पोस्टर कलर मात्र नको. त्याचा अपारदर्शक थर बसला की खालचं सगळं झाकलं जातं.

कागदावरचं रेखाटन

इथे युरोपला मोकळं रान द्या. रेशमावर खोडता येत नाही, म्हणून सगळी झटापट कागदावर उरकायची. लांगचीही हीच रीत होती. पूर्वचित्र कागदावर, आणि सम्राटाची पसंती मिळाल्यावरच ते रेशमावर उतरायचं.

डोक्याची लांबी हे माप धरा. जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत साधारण अडीच डोकी, आणि छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे शेपटीकडच्या मागच्या भागापर्यंतही जवळपास तेवढीच. म्हणजे पाय धरून घोडा एका चौकोनात बसतो. खांद्याचं हाड तिरकं, पुठ्ठ्याचं विरुद्ध दिशेला तिरकं, आणि मध्ये बरगड्यांचं पिंप. पुढच्या पायाचा गुडघा आणि मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा, हे दोन्ही सांधे नवखे लोक हमखास एका उंचीवर काढतात. मागचा थोडा वर असतो.

घोडा अगदी बाजूने न काढता किंचित तिरका उभा करा. चिनी परंपरेत घोडे बहुधा बाजूने दिसतात. आपल्या दिशेने येणारी छाती किंवा पलीकडे जाणारा पुठ्ठा आखूड करून दाखवणं, हे लांगने दरबाराला नव्याने दिलं. तेवढ्या एका तिरकेपणाने पुढच्या उठावाचं निम्मं काम होतं.

सावल्या कागदावर अजिबात भरू नका. स्नायू कुठे वळतात तिथे नाजूक रेघ ओढून ठेवा. पेन्सिलने एकदा सावली भरली की पुढे हात आपसूक त्याच सावलीची नक्कल करतो आणि डावीकडचं ऊन चोरपावलांनी परत येतं.

रेघ

कागद रेशमाखाली ठेवा आणि बारीक टोकाच्या कुंचल्याने रेखाटन शाईत उतरवा. कुंचला उभा धरा, मनगट टेकलं तरी चालेल. एकाच दाटपणाची शाई सगळीकडे नको. खूर, नाकपुडी आणि डोळ्याची वरची पापणी दाट, पाठ आणि मान मध्यम, पोट आणि स्नायूंच्या आतल्या रेघा अगदी फिक्या.

या टप्प्यावर दरबारातलाच एक वाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. झोऊ यीग्वी नावाचा दरबारी चित्रकार पाश्चात्त्यांबद्दल लिहून गेला की मोजमापात आणि छायेत त्यांचा हात धरणारा नाही, पण त्यांच्याकडे कुंचल्याची रीत नाही, म्हणून ते कारागीर. खुद्द छ्येनलोंगच्या मनातही हे कुठेतरी होतंच. 1763 मध्ये अफगाणिस्तानातून चार घोडे नजराणा म्हणून बीजिंगला आले. पाठवणारा होता अहमदशहा अब्दाली, दोनच वर्षांपूर्वी पानिपतावर मराठ्यांशी लढलेला. आपल्या इतिहासात ज्याचं नाव घेताना आवाज बदलतो, त्याने पाठवलेले घोडे पंच्याहत्तरीतल्या लांगने रंगवले! चित्रं हुबेहूब झाली. पण सम्राटाने पुढे जिन टिंगब्याव या चिनी चित्रकाराला तेच घोडे अकराव्या शतकातल्या ली गोंगलिनच्या पद्धतीने, म्हणजे रेघेच्या जोरावर, काढायला सांगितले. सम्राटाच्या कवितेचा आशय असा, की लांगचं साम्य आणि लीची शैली एकत्र आली तेव्हा कला पुरी झाली.

सम्राटाची तक्रार मला निम्मी पटते. लांगची रेघ इतकी सोशिक आहे की ती रंगात विरघळून जाते. म्हणून माझा सल्ला असा: पाठीची, मानेची आणि मागच्या पायाची रेघ एका श्वासात ओढा, सुरुवातीला किंचित दाब, शेवटी सुटती. ती थोडी दिसली तरी चालेल. आतल्या स्नायूंच्या रेघा मात्र रंगाने गिळायलाच हव्यात.

मागून रंग

रेशीम पारदर्शक असल्याचा खरा फायदा इथे. चौकट उलटी करा आणि घोड्याच्या आकारात मागच्या बाजूने शिंपल्याच्या पांढऱ्यात थोडा गेरू मिसळून सपाट हात द्या. पायांवर पांढरे मोजे आणि कपाळावर पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा असेल तर तिथे नुसता पांढरा. पुढून पाहिलं की विणीतून हा रंग झिरपल्यासारखा दिसतो, अंगाला भरीवपणा येतो आणि पुढचे थर पातळ ठेवता येतात. हा टप्पा गाळलात तर भरीवपणासाठी पुढून जाड रंग चढवावा लागेल, आणि मग चित्र रेशमावर असलं काय आणि पुठ्ठ्यावर असलं काय, फरक पडत नाही.

उठाव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एकाच हातात दोन कुंचले धरायचे, एकात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी. रंगाच्या कुंचल्याने कडेला रेघेला लागून एक अरुंद पट्टी लावायची आणि लगेच कुंचले बदलून पाण्याच्या कुंचल्याने तिची आतली बाजू विरवत न्यायची. बोटांत कुंचले फिरवायला शिकणं हाच खरा सराव. पाण्याचा कुंचला ओला हवा, निथळता नको. निथळता असेल तर रंग ढकलला जातो आणि वाळल्यावर तिथे किनार उमटते.

पहिले थर फक्त फिक्या शाईचे. पोटाची खालची कड, मानेचा जबड्याखालचा भाग, मांडी आणि पोट यांच्यामधली खोबण, पलीकडचे दोन पाय. पलीकडचे पाय जवळच्या पायांपेक्षा सरसकट एक छटा गडद ठेवा, खोली तिथूनच येते. पाठीची कडही गडद करायची, पण पोटापेक्षा खूप कमी, कारण प्रकाश थोडा वरून आहे. युरोपी सवयीचा हात इथे हमखास अडतो. वरच्या कडेला सावली कशी? पण पाठ आपल्यापासून वळून दूर जाते, म्हणून.

शाई वाळल्यावर गेरूत किंचित गांबोज मिसळून सगळ्या अंगावर एक पातळ हात. वाळू द्या. मग पुन्हा कडेला गेरू आणि शाईचं मिश्रण, पुन्हा विरवणं. चिनी चित्रकारांच्या बोलीत ‘तीन वेळा फटकडी, नऊ वेळा रंग’ असं म्हणतात. आकडे शब्दशः घ्यायची गरज नाही, पण तीन-चार थर झाले की निम्म्या ताकदीचं फटकडी-सरसाचं पाणी एकदा हलकेच फिरवा. त्याने खालचे थर बसतात आणि वरच्या ओल्या हाताने उठत नाहीत.

खांदा, बरगड्यांचा फुगवटा आणि पुठ्ठा ही तीन ठिकाणं उजळ राहिली पाहिजेत. तिथे पांढरा लावून उजेड आणायचा नाही, आधीपासून राखायचा. तकतकीत अंगाची झाक हवीच असेल तर अगदी शेवटी पांढऱ्यात गांबोज मिसळून पाण्यासारखा पातळ हात द्या, फक्त खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर.

मधूनमधून चौकट उभी करून लांबून पाहा. घोडा एका बाजूला काळा दिसू लागला तर समजा की ऊन शिरलं. दुसऱ्या बाजूची कडही तेवढी गहिरी करून तोल साधा. फिकं करायला जाऊ नका, रेशमावरून रंग काढणं म्हणजे रेशीमच खरवडणं.

केस, डोळा, खूर

बारीक कुंचल्याचं टोक वाटीच्या काठावर दाबून फाकवा म्हणजे एका फटकाऱ्यात चार-पाच केस उमटतात. कुमैत घोड्याच्या अंगावर सगळीकडे केस काढायचे नाहीत. जिथे अंग वळतं आणि जिथे केसांची दिशा बदलते, म्हणजे छातीवर आणि मांडीच्या खोबणीपाशी, तिथेच. आयाळ आणि शेपूट आधी फिक्या शाईच्या थरात आकार म्हणून, मग दाट शाईच्या लांब केसांनी. मुळाशी दाट, टोकाला सुटे. तिबेटी मॅस्टिफसारख्या केसाळ कुत्र्यावर काम करायचं असेल तर मात्र या एका टप्प्याला बाकी सगळ्या टप्प्यांइतका वेळ धरा.

डोळ्यात बाहुली आडवी लंबगोल, भोवती गडद तपकिरी, वरच्या बाजूला निळसर छटा आणि एकच पांढरा ठिपका. सगळ्या चित्रात खरा चमकता ठिपका एवढाच. नाकपुडीच्या आत शाईत थोडा हिंगुळाचा लाल, नाहीतर भोक पाडल्यासारखं दिसतं.

जमीन

मोठ्या दरबारी चित्रांत प्राणी एकाच्या हातचा आणि झाडं-डोंगर दुसऱ्याच्या हातचे असं अनेकदा असे. तांग दाईसारखे चिनी निसर्गचित्रकार लांगबरोबर काम करत. यथार्थदर्शनाचं, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं लहान दाखवून खोली आणण्याचं शास्त्र दरबाराला परकं नव्हतं. निआन शियाओ या अधिकाऱ्याने 1729 मध्ये लांगच्या मदतीने त्यावर चिनी भाषेत सचित्र ग्रंथच छापला होता. तरी पहिल्या चित्रात देखावा टाळा. खुरांच्या तळाशी फिक्या शाईचा पुसट पट्टा, चार-दोन गवताची पाती, बाकी रेशीम कोरं. पडछाया काढलीत की प्रकाशाला दिशा मिळाली, आणि आतापर्यंतच्या मेहनतीवर पाणी पडलं.

झाड हवंच असेल तर खोडालाही घोड्यासारखाच कडेला गडद उठाव द्या, आणि सालीचे फटकारे त्याच्यावर.

सही आणि पाठ

लांग आपली सही छापील वळणाच्या नीटस अक्षरांत करी: ‘सेवक लांग शिनिंग याने आदरपूर्वक चितारले.’ तुम्ही देवनागरीत करा, बारीक, उभ्या ओळीत, घोड्याच्या तोंडासमोर सोडून कुठेही. तोंडासमोरची जागा मोकळी हवी.

रंग पूर्ण बसायला काही दिवस जाऊ द्या. मग चित्र पालथं ठेवून मागे मैद्याच्या पातळ खळीने लांब तंतूंचा हातकागद चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायची जुनी युक्ती कोणी सुचवेल, पण तांब्याचे क्षार रेशमाला खातात, त्यापेक्षा खळ ताजी करा आणि उरलेली टाकून द्या. कागद लावताना मधून कडेकडे कोरड्या ब्रशने हवा काढा, आणि पाणी बेतानेच वापरा, कारण मागचा रंग या वेळी पुन्हा ओला होतो. चौकटीवरच ताणलेलं वाळू द्या, मग कडा कापून काढा. काचेत लावायचं असेल तर काच आणि रेशीम यांच्यात पुठ्ठ्याची फट ठेवा, आणि खिडकीसमोरची भिंत टाळा. गांबोज उन्हात उडतो, आणि तो उडाला की कुमैत घोडा विटकरी दिसू लागतो.